लिबिया : राज्य कोसळल्यावर वारसा कोणी राखावा?



लिबिया म्हटले की आपल्याकडील सुशिक्षित माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक खनिज तेल आणि दुसरा कर्नल मुअम्मर गद्दाफी. थोडी अधिक माहिती असलेल्यांना २०११ च्या फेब्रुवारी-मार्चमधली धावपळही आठवेल. त्या वेळी तेथे सुमारे १८ हजार भारतीय होते. त्यांत बांधकामावरचे मजूर होते, तेल कंपन्यांतले तंत्रज्ञ होते आणि रुग्णालयांतल्या परिचारिकाही होत्या. ‘ऑपरेशन सेफ होमकमिंग’ या मोहिमेत विमानांनी, भाड्याच्या प्रवासी जहाजाने आणि नौदलाच्या युद्धनौकांनी पंधरा हजारांहून अधिक लोकांना सुखरूप आणण्यात आले. माणसे परत आली, वर्तमानपत्रांतून लिबिया मागे पडला आणि आपल्या दृष्टीने तो विषय संपला.

परंतु विषय संपला नव्हता, खऱ्या अर्थाने तो तेव्हाच सुरू होत होता. एखाद्या देशातील राज्ययंत्रणाच नाहीशी झाली तर तेथील माणसांचे काय होते, याचा विचार पुष्कळ झाला आहे. त्या देशाच्या हजारो वर्षांच्या स्मृतीचे काय होते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. लिबियाच्या बाबतीत हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत, आणि म्हणूनच आजच्या व्याख्यानासाठी या देशाची निवड केली आहे.

देशाचा विस्तार आधी डोळ्यांसमोर आणला पाहिजे. सुमारे साडेसतरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या निम्म्याहून किंचित अधिक भूमी आणि लोकसंख्या जेमतेम सत्तर लाखांच्या घरात. उत्तरेला भूमध्य समुद्राचा सतराशे किलोमीटरहून लांब किनारा आणि बाकी बहुतेक सहारा. या किनाऱ्यावर पूर्वेला ग्रीक आले, पश्चिमेला फिनिशियन आले, पुढे रोमन आले, मग अरब, तुर्क आणि १९११ मध्ये इटालियन. वाळवंटात त्याआधीपासून अमाझिग, म्हणजे ज्यांना आपण बर्बर म्हणतो ते लोक आणि तुआरेग. प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवले. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत या एका देशातील पाच स्थळे आहेत. लेप्टिस माग्ना, साब्राथा आणि सायरीन ही तीन १९८२ साली, तद्रार्त अकाकूसची शैलचित्रे १९८५ साली आणि घदामिस हे मरूद्यानातील जुने नगर १९८६ साली यादीत आले. जुलै २०१६ मध्ये ही पाचही स्थळे एकाच वेळी ‘धोक्यातील वारसा’ म्हणून घोषित झाली.

लेप्टिस माग्ना हे त्रिपोलीच्या पूर्वेला, खोम्स शहराला लागून असलेले रोमन नगर. रोमचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस येथला. इ. स. १९३ मध्ये तो सिंहासनावर आला, २११ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे वारला. आफ्रिकेत जन्मलेला हा माणूस रोमचा सम्राट होऊनही आपले गाव विसरला नाही. कमान, सभागृह, बंदर, चौक, सारे त्याने भव्य करून घेतले. पुढे नगर ओस पडले आणि वाळूने ते झाकले. वाळूने झाकले म्हणूनच वाचले, असेही म्हणता येईल. जेवढे उघडे होते तेवढे पळवले गेले. येथील स्तंभ सतराव्या शतकात फ्रान्सला गेले, एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेले आणि आज विंडसरच्या राजोद्यानात शोभेसाठी उभे आहेत.

विसाव्या शतकात वाळू उपसली ती इटालियनांनी. त्यांचा हेतू शुद्ध विद्याव्यासंगाचा नव्हता. ‘ही भूमी मूळची रोमची, आम्ही ती परत घेतली’ हे जगाला दाखवण्यासाठी मुसोलिनीच्या राजवटीला हे अवशेष हवे होते. त्याच राजवटीने १९३१ साली वृद्ध स्वातंत्र्यवीर उमर मुख्तार यांना फासावर चढवले. त्यामुळे सामान्य लिबियन माणसाच्या मनात रोमन खांबांना वसाहतवादाचा वास चिकटला. गद्दाफीने १९६९ मध्ये सत्ता घेतल्यावर हा दुरावा वाढला. त्याच्या घोषणा अरब राष्ट्रवादाच्या होत्या. ग्रीक-रोमन अवशेष त्याला परक्यांचे आणि अमाझिग भाषा त्याला फुटीरतेची खूण वाटे. त्रिपोलीच्या राष्ट्रीय संग्रहालयात प्राचीन मूर्तींच्या बरोबरीने त्याने क्रांतीच्या काळात वापरलेली स्वतःची फोक्सवॅगन मोटार मांडली होती. सत्ताधीशाला आपल्या देशाचा इतिहास स्वतःपासूनच सुरू होतो असे वाटू लागले की काय होते, त्याचे हे बोलके उदाहरण.

फेब्रुवारी २०११ मध्ये बेनगाझीत उठाव झाला. १७ मार्चला सुरक्षा परिषदेने १९७३ क्रमांकाचा ठराव केला. त्या वेळी परिषदेत असलेला भारत मतदानापासून दूर राहिला. नाटोची विमाने आली आणि २० ऑक्टोबरला सिर्ते येथे गद्दाफी मारला गेला. या युद्धात पुरातन स्थळांची नासधूस होईल अशी जगाला धास्ती होती. प्रत्यक्षात आश्चर्य घडले. पुरातत्त्वज्ञांनी दिलेल्या याद्या नाटोच्या हाती होत्या आणि बऱ्याच अंशी त्या पाळल्या गेल्या. रास अल-मरगेब येथे गद्दाफीच्या सैन्याने आपली रडारची वाहने एका रोमन गढीला खेटून उभी केली होती. ती वाहने उडवली गेली आणि गढीला मात्र किरकोळ खरचटले. त्रिपोलीत कर्मचाऱ्यांनी संग्रहालयातील मौल्यवान वस्तू लपवून ठेवल्या. बंडखोर आत शिरले तेव्हा त्यांचा राग निघाला तो त्या फोक्सवॅगनवर. लेप्टिसला तर खोम्सच्या नागरिकांनी स्वतः पहारे बसवले, आणि पुढेही कित्येक वर्षे हा पहारा वेतनाशिवाय चालू राहिला. ज्या अवशेषांना परके म्हणून शिकवले गेले, त्यांच्यासाठी तेथील माणूस रात्री जागला, ही गोष्ट त्या देशाच्या खात्यावर आवर्जून जमा केली पाहिजे.

मग हानी झाली कुठे? पहिला घाव बसला तो बँकेच्या तिजोरीत. सायरीन आणि परिसरातील उत्खननांत इटालियनांना सापडलेली सोन्या-चांदीची व कांस्याची नाणी, दागिने, लहान मूर्ती असा सुमारे ७,७०० वस्तूंचा ‘बेनगाझीचा खजिना’ महायुद्धाच्या काळात इटलीला नेला गेला होता. १९६१ साली तो परत आला आणि बेनगाझीतील एका बँकेच्या तळघरात जाऊन पडला. पन्नास वर्षे तो तसाच पडून होता. मे २०११ मध्ये चोरांनी काँक्रीटचे छत फोडून तो लांबवला. अत्यंत क्लेशाची बाब अशी की त्या वस्तूंची नीट छायाचित्रे व नोंदी झालेल्या नव्हत्या. उद्या जगाच्या बाजारात एखादे नाणे विक्रीला आले तर ते त्याच खजिन्यातले, हे सिद्ध कशाने करायचे? ज्या वस्तूची नोंद नाही ती वस्तू चोरीला गेल्याचेही सांगता येत नाही.

दुसरा घाव राजरोस घातला गेला. ऑगस्ट २०१२ मध्ये झ्लितेन येथे अब्दुल सलाम अल-अस्मर या पंधराव्या-सोळाव्या शतकातील सूफी संताची कबर सशस्त्र कट्टरपंथीयांनी उद्ध्वस्त केली. तेथील ग्रंथसंग्रहही त्यातून सुटला नाही. दुसऱ्याच दिवशी राजधानी त्रिपोलीत भर वस्तीत, दिवसाढवळ्या, बुलडोझर आणून सूफी दर्ग्याची इमारत पाडण्यात आली. सुरक्षा दलाचे लोक भोवती होते. त्यांनी रस्ता अडवला तो पाहणाऱ्यांचा! कबरींसाठी माणसांचे रक्त सांडणे शासनाला मान्य नाही, अशा अर्थाचा खुलासा गृहमंत्र्यांनी केला, राजीनामा दिला आणि तो परतही घेतला.

ध्यानात घ्यायचे ते हे की फोडणारे मुसलमान होते आणि ज्यांचे फोडले गेले तेही मुसलमानच होते. कबरीपुढे दिवा लावणे म्हणजे धर्मबाह्य आचरण, असे मानणाऱ्या बाहेरून आलेल्या शुद्धतावादी विचाराने त्या भूमीत शतकानुशतके रुजलेल्या श्रद्धेवर केलेला हा आघात होता. सामान्य लिबियन माणसाने तो मुकाट्याने सोसला नाही. त्रिपोलीत निदर्शने झाली. बेनगाझीजवळच्या रज्मा गावात तर लोक आपला दर्गा वाचवायला उभे राहिले आणि त्या चकमकीत तिघांचे प्राण गेले.

त्याच वर्षाच्या प्रारंभी बेनगाझीच्या युद्ध-दफनभूमीत हातोड्यांनी स्मृतिशिला फोडल्या गेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात लिबियाच्या वाळवंटात ब्रिटिश साम्राज्याच्या झेंड्याखाली भारतीय सैनिकही मोठ्या संख्येने लढले. महाराष्ट्राने तर एक नाव विसरूच नये, ते म्हणजे तोब्रुक. जून १९४२ मध्ये रोमेलने तोब्रुकवर निर्णायक हल्ला चढवला तेव्हा संरक्षणाच्या कड्याची आग्नेय बाजू ज्या अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होती, तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. पहिला आघात त्या मराठ्यांनी झेलला. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि उरलेले युद्धकैदी झाले. आपल्या सातारा-कोल्हापूरकडच्या किती घरांत त्या तोब्रुकची आठवण उरली असेल, देव जाणे. हा विषयांतराचा दोष पत्करूनही हे सांगायला हवे होते, कारण लिबियाच्या वाळूत थोडा वारसा आपलाही आहे.

आता सायरीन. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात ग्रीकांनी थेरा बेटावरून येऊन वसवलेले हे नगर. पृथ्वीचा परीघ सावलीच्या साहाय्याने मोजणारा एरॅटोस्थेनिस येथे जन्मला. झ्यूसचे येथील मंदिर अथेन्सच्या पार्थेनॉनहून मोठे आहे. नगराभोवती डोंगरउतारावर मैलोन्‌मैल पसरलेली प्राचीन दफनभूमी ग्रीक जगतातील सर्वांत मोठ्या दफनभूमींपैकी एक. २०१३ मध्ये शेजारच्या शहात येथील काही लोकांनी तिच्यातील कबरी व गुहा यंत्रांनी सपाट केल्या, कारण त्यांना घरांसाठी आणि विकण्यासाठी भूखंड हवे होते. त्यांना राक्षस ठरवून मोकळे होणे सोपे आहे. त्यांचे म्हणणे असे होते की जमीन पिढ्यान्‌पिढ्या आमची, शासनाने ती ना ताब्यात घेऊन मोबदला दिला, ना आम्हाला वापरू दिली. १९९४ चा पुरावस्तू संरक्षणाचा कायदा कागदावर होताच. पण तो बजावायला पोलीस नव्हता आणि मोबदला द्यायला खजिना नव्हता.

या दफनभूमीतील स्त्री-प्रतिमा जगाच्या बाजारात पोहोचल्या. अशीच एक सुमारे इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील प्रतिमा २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अडवली गेली. ब्रिटिश संग्रहालयातील तज्ज्ञांनी तिचे मूळ ओळखले, न्यायालयात प्रकरण चालले आणि २०२१ मध्ये ती लिबियाच्या दूतावासाच्या स्वाधीन झाली. अडवलेली एक. न अडवलेल्या किती, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

आणि मग सप्टेंबर २०२३ मध्ये निसर्गाने उरलेले केले. डॅनियल वादळाच्या पावसाने सायरीनमधील जुन्या बांधभिंती ढासळल्या, प्राचीन रस्त्यांतून पाण्याचे लोट वाहिले. जवळच्या दर्ना शहरावरचे दोन धरणबांध एका रात्रीत फुटले आणि झोपेतली हजारो माणसे समुद्रात वाहून गेली. त्या धरणांना तडे गेल्याचे १९९८ पासून ठाऊक होते. दुरुस्तीचे काम परदेशी कंपनीला दिले होते. २०११ च्या उठावात ते थांबले ते पुन्हा सुरू झालेच नाही. मंदिर काय आणि धरण काय, रोजची देखभाल करणारा हात नाहीसा झाला की दोन्ही सारखीच ढासळतात.

यानंतर वळायचे ते साब्राथाकडे. त्रिपोलीच्या पश्चिमेला समुद्राच्या अगदी काठावर हे नगर आहे. येथील रोमन नाट्यगृहाची तीन मजली स्तंभयुक्त रंगभिंत आणि तिच्यामागे निळा समुद्र, हे दृश्य ज्याने चित्रातही पाहिले असेल तो ते विसरणार नाही. दुसऱ्या शतकात याच नगरात लेखक अपुलेयस याच्यावर जादूटोणा करून श्रीमंत विधवेला वश केल्याचा खटला चालला होता, आणि त्याने केलेले बचावाचे भाषण आजही वाचले जाते.

या साब्राथाचा किनारा २०१४ नंतर मनुष्य-तस्करीचे मुख्य बंदर बनला. त्या वर्षी देशात दोन परस्परविरोधी शासने उभी राहिली. सीमेवर चौकी नाही, किनाऱ्यावर गस्त नाही. नायजेरिया, एरिट्रिया, सुदान, माली येथून दारिद्र्याने वा युद्धाने पिटाळलेले लोक अगादेझ-सभासारख्या वाळवंटी मार्गांनी उत्तरेला येऊ लागले. हे मार्ग नवे नाहीत. गारामांत लोकांच्या काळापासून याच वाटांनी मीठ, सोने, हस्तिदंत आणि गुलाम वाहिले गेले. घदामिस त्याच व्यापारावर उभे राहिले. एकविसाव्या शतकात त्या वाटांवर उंटांऐवजी टोयोटा गाड्या आल्या, एवढाच फरक. नोव्हेंबर २०१७ मध्ये लिबियातील माणसांच्या लिलावाची चित्रफीत जगाने पाहिली, तेव्हा गुलामांचा फरक पडलेला नव्हता हेही दिसले.

२०१६ या एका वर्षात समुद्रमार्गे इटलीला १ लाख ८१ हजारांवर माणसे उतरली, त्यांतील बहुतेक लिबियाच्या किनाऱ्यावरून निघालेली. त्याच वर्षी भूमध्य समुद्रात पाच हजारांहून अधिक जण बुडाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये इटलीने त्रिपोलीतील शासनाशी करार केला. किनारा-रक्षकांना नौका व प्रशिक्षण मिळाले आणि त्या उन्हाळ्यात साब्राथाहून निघणाऱ्या नौका एकाएकी कमी झाल्या. कालपर्यंत माणसे पाठवणारी टोळी आज माणसे अडवू लागली होती. त्यासाठी तिला पैसा पोहोचवला गेला असा आरोप झाला आणि इटलीने तो नाकारला. प्रतिस्पर्धी टोळ्यांना हे रुचले नाही. १७ सप्टेंबर २०१७ रोजी शहरात लढाई पेटली आणि सुमारे तीन आठवडे चालली. युद्धभूमी कोणती? तर तेच प्राचीन नगर. अवशेषांच्या आडोशाने बंदूकधारी बसले. रंगभिंतीच्या स्तंभांवर गोळ्यांच्या आणि तोफगोळ्यांच्या खुणा उमटल्या.

लढाई थांबल्यावर दुसरे दृश्य उघड झाले. साब्राथा आणि आसपासच्या वाड्यांत, घरांत आणि गोदामांत कोंडून ठेवलेले चौदा हजारांहून अधिक स्थलांतरित सापडले. त्यांत गर्भवती स्त्रिया होत्या, तान्ही बाळे होती, महिनोन्‌महिने सूर्य न पाहिलेले लोक होते. नाट्यगृहाच्या फुटलेल्या खांबांची छायाचित्रे पुरातत्त्वाच्या नियतकालिकांत आली, गोदामांतील माणसांची छायाचित्रे निर्वासितांच्या अहवालांत आली. दोन्ही घटना एकाच गावातल्या, एकाच आठवड्यातल्या आणि एकाच कारणाने घडलेल्या. तरीही जगाने त्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या.

याची पूर्वपीठिकाही विलक्षण आहे. ३० ऑगस्ट २००८ रोजी बेनगाझीत इटलीचे पंतप्रधान बर्लुस्कोनी आणि गद्दाफी यांनी मैत्रीचा करार केला. वसाहतकाळाच्या भरपाईपोटी इटलीने पाच अब्ज डॉलर देऊ केले, लिबियाने स्थलांतरितांच्या नौका रोखायचे मान्य केले आणि त्याच प्रसंगी १९१३ मध्ये सायरीनमध्ये सापडलेली, रोमला नेलेली व्हीनसची मस्तकहीन मूर्ती परत दिली गेली. न्याय्य परतफेड झाली हे खरेच. परंतु एका संगमरवरी देवतेचे परतणे आणि हजारो हाडामासाच्या माणसांचे अडवले जाणे एकाच व्यवहारात बांधले गेले, हेही तितकेच खरे.

स्थलांतर केवळ बाहेरून आलेल्यांचे नाही. ऑगस्ट २०११ मध्ये तावेर्घा हे सुमारे ४० हजार कृष्णवर्णीय लिबियनांचे गाव मिसराताच्या सशस्त्र गटांनी संपूर्ण रिकामे केले. गावातील काहींनी गद्दाफीच्या बाजूने अत्याचार केले हा आरोप, आणि शिक्षा मात्र सगळ्या गावाला, लेकराबाळांसह. २०१८ पर्यंत त्यांना परतता आले नाही. त्याआधीचे एक स्थलांतर तर पूर्णच झाले आहे. १९४८ मध्ये लिबियात सुमारे ३८ हजार ज्यू होते. १९६७ नंतर जवळजवळ कोणीच उरले नाहीत. त्रिपोलीतील त्यांचे मोठे प्रार्थनामंदिर पडीक उभे आहे. त्या वास्तूचा वारस आज रोममध्ये किंवा इस्रायलमध्ये राहतो. माणूस गेल्यावर मागे राहिलेली वास्तू कोणाची?

आपल्या घरांतील पालकांनी एक गोष्ट ऐकून ठेवावी. २०२३ मध्ये इटलीत नोकरी मिळेल या आमिषाला भुलून गेलेले पंजाब-हरियाणातील सतरा तरुण दलालांनी लिबियात आणून सोडले. सशस्त्र टोळीने त्यांना कित्येक महिने डांबले. ट्युनिस येथील आपल्या दूतावासाच्या प्रयत्नांनी ते ऑगस्टमध्ये परत आले. म्हणजे ज्या वाटेची चर्चा येथे चालली आहे, तिचे एक टोक आपल्या गावच्या एजंटाच्या कार्यालयापर्यंत आलेले आहे.

आजची स्थिती काय? ऑक्टोबर २०२० मध्ये शस्त्रसंधी झाली. डिसेंबर २०२१ मध्ये ठरलेली निवडणूक झालीच नाही. पूर्वेला एक सत्ता, पश्चिमेला दुसरी, आणि पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना या दोहोंमधून वाट काढावी लागते. देशात आठ लाखांहून अधिक स्थलांतरित असल्याची नोंद आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने केली आहे. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये त्रिपोलीच्या लाल किल्ल्यातील राष्ट्रीय संग्रहालयाचे दरवाजे चौदा वर्षांनंतर पुन्हा उघडले.

आणि घदामिस? त्या मातीच्या नगरातील कुटुंबे १९८० च्या दशकात नव्या वस्तीत गेली, पण जुन्या घरांची मालकी त्यांनी सोडली नाही. लग्नकार्याला, सणावाराला आणि कडक उन्हाळ्यात ती जुन्या घरी येतात. छपराखालच्या बोळांतून पुरुष जातात, गच्च्यांवरून गच्च्यांवर स्त्रिया जातात. अतिवृष्टीत भिंती खचल्या तेव्हा गावच्या गवंड्यांनी माती, चुना आणि खजुराची लाकडे घेऊन त्या पुन्हा उभारल्या, पाण्याचे जुने पाट मोकळे केले. जुलै २०२५ मध्ये घदामिसचे नाव धोक्यातील वारशाच्या यादीतून वगळण्यात आले. लेप्टिस, साब्राथा, सायरीन आणि अकाकूस ही चार नावे त्या बैठकीनंतरही यादीत कायम राहिली.